'सेर' कायमचे, 'एस्तार' तात्पुरते: एका चुकीच्या नियमाचा खुलासा

इंग्रजीतील 'इज' या एका शब्दासाठी स्पॅनिश भाषेत 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत, आणि 'कायमचे असेल तर सेर, तात्पुरते असेल तर एस्तार' हा नियम विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगितला जात आहे. हा नियम चुकीचा आहे. मृत्यूइतके कायमचे दुसरे काही नाही, तरीही 'तो मृत आहे' हे 'एस्ता मुएर्तो' असेच म्हणावे लागते. माद्रिद शहर जागचे हलत नाही, तरी ते स्पेनमध्ये आहे हे सांगताना एस्तारच येते. उलट, तीन वाजल्याची वेळ पाहता पाहता सरते, पण तिथे 'सोन लास त्रेस', म्हणजे सेरचे रूप.

भेद काळाचा नसून दृष्टीचा आहे. एखादी व्यक्ती किंवा वस्तू मुळात काय आहे, हे सेर सांगते. ती कोणत्या अवस्थेत वा कोठे आहे, हे एस्तार सांगते. एस्तार हे 'उभे राहणे' या अर्थाच्या लॅटिन 'स्तारे'पासून आले असून आपल्या संस्कृत 'स्था' धातूचे ते सगोत्र आहे, आणि माझ्या मते मराठी विद्यार्थ्याला 'स्थिती' हा शब्द त्या नियमापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडेल. मृत्यू ही प्राप्त झालेली स्थिती आहे, म्हणून एस्तार. 'एस लिस्तो' म्हणजे तो हुशार आहे, तर 'एस्ता लिस्तो' म्हणजे तो तयार आहे. समारंभाचे ठिकाण सांगताना मात्र सेर वापरतात, कारण समारंभ तेथे ठेवलेला नसतो, तो तेथे घडतो.