सी मेजर पहिलं कसं झालं?

पियानो शिकायला बसलं की पहिलं स्केल येतं ते सी मेजरचं. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, काळीला हात लावायचा नाही. इथे एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, आणि असा विद्यार्थी मला फार आवडतो: स्वरांची अक्षरं ए पासून जी पर्यंत आहेत, मग सुरुवात तिसऱ्या अक्षरापासून का?

कारण अक्षरं ठरली तेव्हा मेजर स्केल असं वेगळं काही कोणी मानतच नव्हतं. इ.स. १००० च्या सुमारास उत्तर इटलीत लिहिलेल्या एका संगीतग्रंथात ही अक्षरं आज वापरतो तशीच दिसतात. त्या काळी चर्चमधलं गायन आठ 'मोड'मध्ये, म्हणजे स्वरांच्या ठरावीक मांडणींमध्ये, बसवलेलं होतं आणि त्यांचे न्यासस्वर, म्हणजे चाल जिथे विसावते ते स्वर, होते डी, ई, एफ आणि जी. सी वर येऊन विसावणारा मोड त्या आठांत नव्हता.

त्यानंतर थोड्याच वर्षांत अरेझ्झोचे साधू ग्विदो यांनी मुलांना गाणं लवकर यावं म्हणून एक युक्ती काढली. संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्राचे पहिले सहा चरण पायरीपायरीने एकेक स्वर वर सुरू होतात. त्या चरणांची सुरुवातीची अक्षरं त्यांनी स्वरांना दिली: उत, रे, मी, फा, सोल, ला. सातवा स्वर पुढे जोडला गेला आणि 'उत'च्या जागी सतराव्या शतकात 'दो' आला. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलं हेच घोटत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात नोटेशन झरझर वाचणारे कितीतरी गोवेकर वादक त्याच तालमीतून आले.

पट्ट्यांची मांडणीही जुनीच. आरंभीच्या ऑर्गनवर मूळ सात स्वर होते, आणि त्यांत पहिली भर पडली ती बी फ्लॅटची, म्हणजे बी च्या लगतच्या खालच्या काळीची. एकेक करत बाकीचे आले. जर्मनीतल्या हाल्बरश्टाटच्या १३६१ च्या ऑर्गनवर सप्तकाला बारा पट्ट्या झालेल्या होत्या. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये पियानो घडवला तेव्हा ही मांडणी त्यांना आयती मिळाली.

सी ला न्यासाचा मान मिळाला १५४७ मध्ये. स्विस विद्वान हाइनरिश ग्लारेआन यांनी आपल्या ग्रंथात आठाचे बारा मोड केले आणि सी वर थांबणाऱ्या मोडला 'आयोनियन' म्हटलं. आपल्या काळात हाच सगळ्यांत जास्त वापरला जातो, असंही त्यांनी नोंदवलं. म्हणजे गाणारे आधीच तिथे पोचले होते, शास्त्र मागून आलं. व्हेनिसचे संगीतशास्त्रकार झार्लिनो यांनी पुढे मोडची मोजणीच सी पासून सुरू केली.

मेजर स्केलचं गमक अंतरांत आहे: दोन पूर्ण, एक अर्धं, तीन पूर्ण, एक अर्धं. लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर अर्धं. मध्ये एक पट्टी सोडली की पूर्ण. ई-एफ आणि बी-सी यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, म्हणून सी पासून निघालं की ही अंतरं आपोआप जमतात. दुसरीकडून निघालात तर काळ्या पट्ट्या लागतात. आपल्याकडे पंडित भातखंडे यांनी दहा थाटांच्या पद्धतीत शुद्ध स्वरांचा थाट मानला तो बिलावल, आणि त्याचीही अंतरं हीच. काळी चारला (सी ही पांढरी एक, तिच्या लगतची काळी एक, असं मोजत) सा धरून पेटीवर बिलावल थाटाचे स्वर वाजवणारा माणूस ए फ्लॅट मेजरच वाजवत असतो. राग बिलावल मात्र यात येत नाही. त्याचं चलन निराळं.

पण एकाच वाद्यावर कुठूनही सुरुवात करता यावी ही सोय महाग पडली. वाद्याचे स्वर लावण्याच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे जुन्या जुळणीत, काही स्केल गोड लागत, काही कानाला टोचत. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी १७२२ मध्ये चोवीसही मेजर-मायनर स्केलमधल्या रचनांचा संग्रह सिद्ध केला, तो या अडचणीतून वाट काढणाऱ्या जुळणीच्या बळावर. पुढे बाराही अर्धी अंतरं अगदी सारखी करण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे पियानोचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो; अर्धं अंतर १०० सेंटचं, म्हणजे हा फरक लहान नाही. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्याला तो लगेच कळतो. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीला दूर ठेवलं, त्यामागे हीही तक्रार होती.

बोटांचा इतिहास सगळ्यांत अलीकडचा. जुने वादक अंगठा फारसा वापरत नसत. मधली बोटं एकमेकांवरून टाकत पुढे जात. त्याच बाखांचे चिरंजीव कार्ल फिलिप इमान्युएल बाख यांनी १७५३ च्या पुस्तकात अंगठ्याला मुख्य बोट ठरवलं आणि तो इतर बोटांखालून नेण्याची रीत नीट मांडली. वडिलांच्या तरुणपणी मोठमोठे वादकसुद्धा लांब पल्ला गाठायचा असेल तेव्हाच अंगठा लावत, हेही ते सांगतात.

पोलिश पियानोवादक आणि संगीतकार शोपँ यांचं मत याहून धीट होतं. सी मेजर वाचायला सोपं, पण हाताला सगळ्यांत अवघड, असं ते म्हणत आणि शिष्यांना आधी बी मेजर देत. मला हे पूर्ण पटतं. उजव्या हाताचा अंगठा पांढरी सातवर ठेवा, पुढची दोन बोटं काळी एक आणि काळी दोनवर. मग अंगठा खालून पांढरी तीनवर आणा आणि पुढची तीन बोटं उरलेल्या तीन काळ्यांवर पडू द्या. करंगळी वरच्या पांढरी सातवर पोचते. लांब बोटांना उंच पट्ट्या मिळाल्या की अंगठ्याला खाली सरकायला जागा होते. हे आठवडाभर सावकाश वाजवा, आणि मग सी मेजरकडे या.