ठिपके जोडायचे की नाही? घातांकी ग्राफची पार्श्वभूमी

अमेरिकेत ज्यांची मुलं किंवा भाचे-पुतणे हायस्कूलात आहेत त्यांनी हे पाहिलं असेल. २ रेज टू एक्सचं (२ चा एक्सवा घात, एक्स हा घातांक) टेबल करायचं, एक्स उणे २ पासून ३ पर्यंत, वाय येतो पाव, अर्धा, १, २, ४, ८, हे सहा ठिपके मांडायचे आणि त्यांच्यातून एक गुळगुळीत रेघ न्यायची. माझ्या भाचीने परवा ती पट्टीने ओढली, ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत सरळ, तर शाळेत लाल पेनाने "कर्व्ह!" असं लिहून अर्धा मार्क गेला. तिचं म्हणणं, मधे काय असतं ते कोणी सांगितलंच नाही तर रेघ कुठे वाकवायची हे मला कसं कळणार? पोरगी बरोबर बोलतेय. आणि तिच्या आधी हाच प्रश्न भल्याभल्यांना पडलाय.

फार मागे जात नाही. १६१४ मध्ये लॉगॅरिदम (लॉग, म्हणजे उलटा प्रश्न: ही संख्या यायला घातांक किती हवा) छापून आले, १६३७ मध्ये अक्षराच्या डोक्यावर बारका आकडा लिहायची आजची पद्धत पुस्तकात आली, आणि शतक संपायच्या आत अपूर्णांकातले आणि ऋण घातांकही रुळले. गंमत म्हणजे लॉग आधी आणि "घातांकी फंक्शन" नंतर, आपण शाळेत शिकतो त्याच्या बरोबर उलटं.

१७४८ चं मात्र थांबून सांगायला हवं. त्या वर्षी एका स्विस गणितज्ञाच्या लॅटिन पुस्तकात हे फंक्शन नीट मांडलं गेलं आणि तिथेच अट आली की पाया (ज्याच्या डोक्यावर घातांक बसतो तो आकडा) धनच घ्यायचा. का, तर पाया ऋण घेतला की उत्तर कधी खरी संख्या, कधी काल्पनिक. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागात उणे १ रेज टू एक्सचं उदाहरण आहे. एक्स दोन तृतीयांश असेल तर वाय १, एक तृतीयांश असेल तर उणे १, अर्धा असेल तर ग्राफवर काहीच नाही. म्हणजे अक्षाच्या वर एक उंचीवर आणि खाली एक उंचीवर ठिपकेच ठिपके, कुठेही बघा दाटीवाटीने बसलेले, पण एकालाही लागून दुसरा नाही, रेघ बनतच नाही. आज पुस्तकात "पाया शून्याहून मोठा, १ नाही" अशी एक ओळ चौकटीत टाकून मोकळे होतात, तिच्यामागे हे सगळं आहे. ठिपके आपोआप जोडले जात नाहीत, पाया धन असेल तरच जोडता येतात, आणि तेही मधल्या घातांकांना अर्थ दिल्यावर.

शाळेत ग्राफ आला तो बराच नंतर, विसाव्या शतकाच्या तोंडाशी, ब्रिटन, जर्मनी, अमेरिका सगळीकडे थोड्याफार फरकाने एकाच वेळी. चौकटीचा कागद वापरा, मुलांना हाताने काढू द्या, अशी ती चळवळ होती. तेव्हाची पद्धत मला अजून आवडते. १० रेज टू एक्सचा ग्राफ काढायचा तर १० चं वर्गमूळ काढा, ३.१६२, तो अर्ध्यावरचा ठिपका. त्याचं परत वर्गमूळ, १.७७८, तो पाववरचा. दोघांचा गुणाकार ५.६२३, तो पाऊणवरचा. असं करत ठिपके दाटत जातात आणि रेघ कुठे वाकते ते हातालाच समजतं. शिवाय त्याच ग्राफवरून लॉग वाचता येतो, म्हणजे काढलेली रेघ कामाला यायची. (लॉग टेबल आपल्याकडे अकरावी-बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीत अजून आहेत, तिकडच्या मुलांनी ते पाहिलेलंही नसतं.)

१९७२ मध्ये खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि लॉग टेबल, स्लाइड रूल (लॉगवर चालणारी गणिताची सरकपट्टी) हे सगळं चारपाच वर्षांत गुंडाळलं गेलं. १९८५ मध्ये एका जपानी कंपनीने ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर आणला, १९९० पासून अमेरिकन कंपनीचा तसलाच शाळाशाळांत पोचला. त्याचा स्क्रीन ९६ बाय ६४ ठिपक्यांचा. यंत्र पण ठिपकेच काढतं आणि "कनेक्टेड" मोडला असलं की आपल्या मनाने जोडून टाकतं! "डॉट" मोडही असतो, पण तो मुद्दाम लावतंय कोण.

आता खरी मेख. अमेरिकेत हायस्कूलात बीजगणिताचे दोन टप्पे, आधी अल्जेब्रा वन, नंतर अल्जेब्रा टू; घातांकी ग्राफ मुख्यतः अल्जेब्रा टू मध्ये, लॉगच्या जोडीने शिकवायचे. २०१० मध्ये सामायिक स्टँडर्ड (कुठल्या इयत्तेत काय यायला हवं याची राज्यांची एकत्र यादी, कॉमन कोअर) आले, चाळीसच्या वर राज्यांनी घेतले, आणि त्यांच्यासोबतच्या नमुना आखणीत हा विषय अल्जेब्रा वनमध्ये, रेषीय (सरळ रेघेच्या) फंक्शनच्या शेजारी बसवला. कारण चांगलं होतं: एकात दरवेळी तेवढंच मिळवायचं, दुसऱ्यात दरवेळी तेवढ्यानेच गुणायचं, मुलांना फरक शेजारी शेजारी दिसू दे. पण त्या आखणीत असंही लिहिलंय की या टप्प्यावर एक्स पूर्णांकच घ्या, आणि अपूर्णांकातले घातांक शिकवल्याशिवाय सलग एक्सकडे (पूर्णांकांच्या मधल्याही सगळ्या किमतींकडे) जाऊ नका. म्हणजे सरळ अर्थ, आधी नुसते ठिपके. राज्यांच्या परीक्षा तयार करणाऱ्या एका गटाने तर अल्जेब्रा वनच्या प्रश्नांनाही हीच मर्यादा घातली होती.

पुस्तकं आणि वर्कशीटवाल्यांनी विषय खाली आणला आणि ही अट बऱ्याच ठिकाणी वरच राहिली. काही शिक्षक म्हणतात, चौदा वर्षांच्या मुलाला डोमेनचा (एक्सच्या जागी कुठल्या संख्या चालतात याचा) काथ्याकूट कशाला, रेघ दाखवा, आकार डोक्यात बसू दे, बारकावे पुढे बघू. मला हे पटत नाही. १००० डॉलर ५ टक्क्यांनी ठेवले, व्याज वर्षाला एकदाच, तर १०५०, ११०२.५०, ११५७.६३ हे ठिपके खरे, मधे रक्कम जागची हलतच नाही, तिथे गुळगुळीत रेघ हीच चूक आहे. आणि २ रेज टू एक्समध्ये एक्स अडीच असताना वाय ५.६५७ येतो, पट्टीने ओढली तर ६. सेंटिमीटरच्या चौकटीवर जवळजवळ साडेतीन मिलिमीटरचा फरक झाला की! हे एकदा वर्गमूळ काढून दाखवलं असतं तर भाचीने पट्टी घेतलीच नसती.

आपल्याकडे चक्रवाढ व्याज आठवीत आणि घातांकी ग्राफ अकरावीत, त्यामुळे हा घोळ निदान या रूपात होत नाही (आपले घोळ वेगळे).

२०२४ पासून अमेरिकेतली कॉलेज-प्रवेशाची मोठी परीक्षा पूर्ण डिजिटल झाली आणि ग्राफिंग कॅल्क्युलेटर त्या स्क्रीनमध्येच मिळतो. भाचीला त्यात टेबल भरायला लावलं. सहा ठिपके आले, सुटे. खालच्या ओळीत तिने २ रेज टू एक्स टाइप केलं आणि रेघ सहाही ठिपक्यांतून निघून गेली.