बक्षीस दिलं की वाचनाची गोडी जाते?

‘सुट्टीत वाचनासाठी बक्षीस दिलं, की मुलाची गोडी कायमची जाते’ हा समज बरीच वर्षं फिरतो आहे. त्याला आधार आहे, पण अर्धाच. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं होतं. नंतर ती आपणहून कमी वेळ चित्रं काढू लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे जपायचं ते आधीच रमणाऱ्या मुलाला. जे पुस्तकाला हातच लावत नाही, त्याच्याकडे गमावण्यासारखी गोडी अजून नसते. छोट्या बक्षिसाने त्याची सुरुवात होऊ शकते. पुढचं पुस्तक त्यालाच निवडू द्यावं, हे बक्षीस मला सर्वांत पटतं. पडताळा घरीच घ्या: आठवडाभर बक्षिसाचं नाव काढू नका, मूल स्वतःहून पुस्तक उघडतं का पाहा.