अमूर्त चित्रनिर्मितीतील निसर्ग व विज्ञान (बडोदे)

अमूर्त चित्रात झाड, नदी किंवा माणूस ओळखू येत नाही, तरी बहुतेक अमूर्त चित्रकारांची निसर्गाशी सलगी दांडगी असते. निसर्गातले आकार ते उचलत नाहीत, त्यामागचे नियम उचलतात. ओला गाळ वाळताना का तडकतो, जड द्रव हलक्या द्रवावर ओतला तर काय होते, पाण्याचा थेंब सुकताना रंग कडेला का गोळा होतो, हे बघून तोच नियम रंग, सरस (प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासूनचा गोंद) आणि खडूत कामाला लावायचा, अशी ही रीत आहे. भेगाळलेल्या जमिनीचे कुंचल्याने हुबेहूब चित्र काढले तर ते निसर्गचित्रच ठरते. फलकावरचा (चित्राच्या लाकडी पाटीवरचा) थर त्याच ताणाने आपणहून भेगाळला, तर नदीकाठी घडते तेच चित्रात घडलेले असते. अशा कलेला मराठीत अप्रतिरूप कला असेही म्हणतात.

बडोद्यात विज्ञान आणि चित्रकला यांचा शेजार जुना आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने आणि रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये येथे कलाभवन सुरू झाले. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. कमाटीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आणि युरोपीय तैलचित्रे एकाच फेरीत पाहता येतात. १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा उघडली आणि मूळचे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख झाले. पुढे याच संस्थेत चित्रकार जेराम पटेल यांनी प्लायवूड ब्लोटॉर्चने जाळून चित्रे केली. तेथे काळा रंग लावलेला नाही, तो लाकडाचा कोळसा आहे. अमूर्त रेखाचित्रे करणाऱ्या नसरीन मोहमदी १९७२ पासून १९९० मध्ये निधन होईपर्यंत येथे शिकवत होत्या. आरेखनाची उपकरणे, शाई आणि पेन्सिल यांनी त्यांनी काढलेल्या रेषांमागे पाणी, वाळू, सावल्या यांचे दीर्घ निरीक्षण आहे. त्यांची छायाचित्रे पाहिली की ते उमगते.

निरीक्षणासाठी शहरात विश्वामित्री नदी आहेच. पावगड डोंगरावर उगम पावणारी ही नदी कमाटीबागेजवळून वाहते. पावसाळा सरला की काठावरचा बारीक गाळ उन्हाने तडकतो. नदीत मगरी आहेत, म्हणून काठावर उतरू नये; भेगा पुलावरून बघाव्यात आणि नमुना घरी करावा. कुंभाराकडची माती पाण्यात कालवून पसरट ताटलीत ओतली की पुरते.

वाळताना मातीतले पाणी जाते, थर आकसू पाहतो; पण तळाला चिकटलेला असल्याने त्याला आकसता येत नाही. ताण साठत जातो आणि कमकुवत जागी थर फाटतो. पहिल्या भेगेने तिच्या दोन्ही अंगांचा ताण सैल होतो, मात्र भेगेच्या लांबीच्या दिशेने असलेला ताण तसाच राहतो. म्हणून नंतरची भेग पहिलीला जवळजवळ काटकोनात येऊन भिडते. ताटलीकडे नीट पाहिले तर कोणती भेग आधीची आणि कोणती नंतरची, हे वाचता येते. तीच माती पुन्हा पुन्हा भिजवून वाळवली की सांधे हळूहळू १२० अंशांकडे सरकतात आणि षट्कोन दिसू लागतात. थंड होताना आकसलेल्या बेसॉल्टचे खांब असेच घडतात. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर ते दिसतात. चित्रकाराच्या सर्वांत उपयोगाची गोष्ट मात्र वेगळी आहे: थर जितका जाड, तितक्या भेगा दूर आणि तुकडे मोठे.

हे फलकावर आणायचे तर कॅनव्हास नको. तो हलतो आणि तुकडे झडतात. किमान १२ मि.मी. जाडीचा प्लायवूड घ्यावा आणि सरसाचा हात पुढून-मागून दोन्हीकडे द्यावा, नाहीतर फलक वाकतो. वजनाने १ भाग सरस १० भाग पाण्यात रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळवावा. ६० अंश सेल्सिअसच्या फार वर जाऊ देऊ नये. उकळलेल्या सरसाची पकड जाते. एक वाटी कोमट सरसपाण्याला सुमारे दीड वाटी चाळलेली खडूची भुकटी, वरून हळूहळू सोडत मिसळावी. खडूच्या चौथा हिस्सा चिनी माती घातली तर आकसणे वाढते. जोराने घोटू नये, बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुड्यापाशी नको ती भेग सुरू होते.

आधी या मिश्रणाचे दोन पातळ हात देऊन ते पूर्ण वाळू द्यावेत. मग फलकाच्या चारही कडांना लाकडी पट्ट्या लावून मिश्रण ओतायचे. सगळीकडे सारखा थर दिला तर सगळ्या भेगा सारख्या येतात, फरशी घातल्यासारखे दिसते आणि नजर कुठेच ठरत नाही. यावर साधा उपाय आहे. फलकाच्या एका कडेखाली ३ मि.मी.ची पट्टी सारावी आणि मिश्रण वाहते राहील इतपत पातळ ठेवावे. मिश्रण आपली पातळी आपण धरते. उचललेल्या कडेला थर १ मि.मी., तर समोरच्या कडेला ४ मि.मी. होतो. वाळल्यावर एकीकडे तांदळाएवढे बारीक तुकडे आणि दुसरीकडे रुंद ढलपे, अशी चढती लय मिळते. ही लय हाताने काढू गेले तर लगेच खोटी वाटते.

वाळवणे सावलीत, आडवे आणि पंख्याशिवाय. पंखा लावला की वाऱ्याच्या बाजूची कड आधी सुकते आणि भेगा तिकडेच गर्दी करतात. बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी निघाली तर सरस कमी पडला; तुकडे वाटीसारखे वळून सुटू लागले तर सरस जास्त झाला किंवा खालचा थर फार गुळगुळीत होता. पक्के वाळल्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा पातळ हात द्यावा. पाण्यातले सीलर वापरू नये, कारण पाण्याने सरस पुन्हा मऊ होतो. लाखेनंतर बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पृष्ठावर पसरावा आणि सुती फडक्याने पुसावा. रंग भेगांत उरतो, वरचा पांढरा मोकळा राहतो. लाख विसरली तर खडू सगळीकडून तेल पितो आणि फलक सरसकट तपकिरी होतो.

तैलरंगात हीच भेग दोष ठरते. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होते. टर्पेंटाइनसारखे उडून जात नाही. खालचा थर मऊ असताना वरचा कडक झाला तर वरचा तडकतो. म्हणून खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवतात. अंबरमधले मँगनीज वाळणे लवकर घडवते, आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग मात्र रेंगाळतो. तेव्हा काळ्याच्या जाड थरावर अंबर चढवणे ही तडे जाण्याची हमखास वाट. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी घडवलेले थर ज्यांना अभ्यासायचे आहेत, त्यांनी आधी हे वाळण्याचे गणित हाताखालून घालावे.

ओतण्याच्या पद्धतीत घनता काम करते. टायटॅनियमचा पांढरा रंग कार्बनच्या काळ्यापेक्षा जड. काळ्यावर पांढरा ओतला की तो खाली बुडू पाहतो, काळा वर येतो आणि पेशींसारखी जाळी उमटते. मेक्सिकन चित्रकार सिकेरोस यांनी १९३० च्या दशकात हा परिणाम वापरला. उलट क्रमाने ओतल्यास ही जाळी उमटत नाही.

यात चित्रकाराची मर्जी उरते ती निवडीत. दहा-बारा चाचणी-तुकडे १५ × १५ सें.मी.चे करून प्रत्येकाच्या मागे थराची जाडी, सरसाचे प्रमाण, तारीख आणि त्या दिवशीची हवा लिहून ठेवावी. ही टिपणे नसतील तर जमलेले पृष्ठ पुन्हा करता येत नाही. मोठ्या फलकावर बराच भाग सपाट रंगाने झाकावाच लागतो, आणि सुंदर उमटलेली भेग झाकणे हा या कामातला सर्वांत अवघड निर्णय असतो.

बडोद्यात हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावे. मे महिन्याच्या उन्हात थर वरून झटकन सुकतो आणि आत ओला राहतो. पावसाळ्यात सरस दमट राहून त्याला बुरशी लागते. तयार फलक पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, मागे बोटभर फट ठेवून आतल्या भिंतीवर टांगावा.