सँपल सर्व्हे आणि सँपलिंग बायस

मोठ्या समूहातली थोडी माणसं, घरं किंवा शेतं निवडायची आणि त्यांच्यावरून सगळ्या समूहाचा अंदाज बांधायचा, याला सँपल सर्व्हे किंवा नमुना पाहणी म्हणतात. निवड करायच्या पद्धतीमुळेच अंदाज कायम एका बाजूला झुकत असेल तर तो सँपलिंग बायस. पाहणीत दुसरी एक चूक असते ती निव्वळ योगायोगाची, आणि ती सँपल वाढवलं की कमी होते. बायस तसा कमी होत नाही, आणि या विषयातला निम्मा घोळ या दोन चुका एकच समजल्यामुळे होतो.

ही पद्धत नेमकी कुणी सुरू केली यावर एकमत नाही. जुने संदर्भग्रंथ बहुतेक वेळा लंडनच्या जॉन ग्राँटपर्यंत मागे जातात. दर 11 कुटुंबांमागे वर्षाला 3 मृत्यू असं काही वस्त्यांत पाहून त्याने 1662 च्या पुस्तकात दफनांच्या नोंदीवरून शहराची लोकसंख्या 3 लाख 84 हजार काढली होती. पण याला सँपल म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं. फ्रेंच गणिती लाप्लासचं काम जास्त जवळचं आहे. 1802 च्या सुमारास फ्रान्सच्या 30 विभागांतली काही गावं घेऊन त्याने दर वार्षिक जन्मामागे साधारण 28.35 माणसं असं गुणोत्तर काढलं, त्यावरून देशाची लोकसंख्या अंदाजली आणि चूक किती असू शकते याचाही हिशोब मांडला, तो भाग खरा नवा. मात्र गावं निवडली ती जिथले नगरप्रमुख हुशार आणि उत्साही होते तीच, म्हणजे कारभार नीट असलेलीच गावं सँपलमध्ये आली, आणि याचा जो काही परिणाम झाला असेल तो त्या हिशोबात कुठेच धरलेला नाही.

आजच्या अर्थाने सुरुवात बहुधा नॉर्वेच्या कीएर यांची धरावी. 1895 मध्ये बर्नला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेच्या अधिवेशनात त्यांनी जनगणनेऐवजी प्रातिनिधिक नमुना पुरेल असं मांडलं आणि त्यांना बराच विरोध झाला. पुढे 30 वर्षांनी, 1925 मध्ये त्याच संस्थेने नमुना पद्धत मान्य केली, पण चिठ्ठ्या टाकल्यासारखी रँडम निवड आणि अभ्यासकाने विचारपूर्वक केलेली निवड असं दोन्ही चालेल म्हटलं. दुसऱ्या प्रकाराला धक्का बसला तो जिनी आणि गाल्वानी या संख्याशास्त्रज्ञांच्या इटलीतल्या प्रयोगाने. त्यांनी 214 जिल्ह्यांतून 29 असे निवडले की काही ठरावीक बाबतीत त्यांची सरासरी देशाशी जुळावी, ती जुळलीही, पण ज्या गोष्टी जुळवल्या नव्हत्या त्यांत मोठा फरक निघाला. 1934 मध्ये संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी हेच उदाहरण घेऊन रँडम निवडीची बाजू मांडली आणि तेव्हापासून तीच मुख्य पद्धत. समूहाचे थर पाडून कुठल्या थरातून किती सँपल घ्यायचं याचं सूत्र नेमनच्या नावाने ओळखलं जातं, पण रशियाच्या चुप्रोव यांनी ते 1923 मध्येच दिलं होतं आणि नेमन यांनी पुढे त्यांचा अग्रहक्क मान्यही केला.

बायसचं ठरलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली 1936 ची अध्यक्षीय निवडणूक. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने साधारण 1 कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, त्यातल्या 23 लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जवळपास 61 टक्के मतं पडली आणि लँडनना फक्त 2 राज्यं मिळाली. मतचाचण्या घेणाऱ्या गॅलपने साधारण 50 हजारांच्या सँपलवर रूझवेल्टचा विजय बरोबर सांगितला, शिवाय डायजेस्टचा निकाल काय येणार हेही आधीच सांगून ठेवलं. (गॅलपचाही आकडा सुमारे 5 टक्क्यांनी चुकलाच होता, पण विजेता बरोबर आल्यावर ते कोण लक्षात ठेवतो.)

असं का झालं यावर मात्र वाद आहे. पाठ्यपुस्तकं सांगतात की पत्ते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटार नोंदणीच्या यादीतून घेतले आणि मंदीच्या काळात फोन, मोटार असलेले लोक सुखवस्तू, म्हणून सँपल लँडनकडे झुकलं. ब्रायसन या अभ्यासकांनी 1976 मध्ये हे बरंचसं मिथक ठरवलं. खरा घात, त्यांच्या मते, स्वतःहून उत्तर पाठवणाऱ्यांवर विसंबल्याने झाला, कारण तीन चतुर्थांश लोकांनी उत्तरच दिलं नाही. दुसरे अभ्यासक स्क्वायर यांनी 1988 मध्ये 1937 ची एक गॅलप पाहणी तपासली, तीत लोकांना तुम्हाला डायजेस्टची मतपत्रिका आली होती का, परत पाठवलीत का असं विचारलं होतं. त्यांचा निष्कर्ष की यादीही वाकडी होती आणि प्रतिसादही, पण मतपत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी उत्तर दिलं असतं तर निदान विजेता तरी बरोबर आला असता. निवडणुकीनंतर लोक आपण जिंकणाऱ्यालाच मत दिलं असं सांगतात, त्यामुळे या पुराव्यावर फार भार टाकता येत नाही, तरी एकट्या टेलिफोन यादीला दोष देण्यापेक्षा हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

सँपलच्या आकाराचं गणित त्यामानाने साधं आहे. रँडम पद्धतीने 1000 माणसं घेतली तर टक्केवारीत साधारण 3 टक्के इकडे-तिकडे, 95 टक्के खात्रीने, आणि ती चूक निम्मी करायची तर 4000 माणसं लागतात. लोकसंख्या 1 कोटी आहे की 100 कोटी याने जवळजवळ काही फरक पडत नाही, यावर लोकांचा विश्वास बसत नाही पण खरं आहे. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सगळा एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून. समाज तसा नसतो, म्हणून शीत कुठून उचललं हे महत्त्वाचं. संख्याशास्त्रज्ञ शाओ-ली मेंग यांनी 2018 मध्ये दाखवलं की उत्तर देणं आणि मत यांत 0.005 इतका नगण्य सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचं माप, जास्तीत जास्त 1) असला तरी 23 लाखांच्या सँपलची किंमत 400 जणांच्या रँडम सँपलएवढीच उरते.

बायस माणसांच्या मतातच येतो असं नाही. पिकाचं उत्पन्न मोजताना शेतात ठरावीक मापाची चौकट टाकून आतलं पीक कापतात. भारतात 1940 च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान गोल चौकटी वापरत, तर दुसरे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं म्हणणं होतं की त्याने उत्पन्न फुगतं. कडेवरचं रोप आत घ्यायचं की बाहेर अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडेच झुकतो, आणि चौकट जेवढी लहान तेवढी क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त. रँडम जागा निवडूनही हा दोष राहतो. लहान मापाबाबत सुखात्म्यांचा आक्षेप आज सर्वसाधारणपणे मान्य होतो.

बायस ओळखायचा कसा, तर सँपलच्या आत बघून तो सहसा दिसत नाही, बाहेरचा आकडा लागतो. वय, शिक्षण, लिंग यांची टक्केवारी जनगणनेशी ताडून पाहतात आणि कमी आलेल्या गटाला वजन देतात, म्हणजे त्यांची उत्तरं हिशोबात त्या प्रमाणात जास्त धरतात. 2016 मध्ये अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या अनेक राज्य पातळीवरच्या पोल्समध्ये शिक्षणाचं वजन दिलं नव्हतं आणि उत्तर देणाऱ्यांत पदवीधर जास्त होते, अंदाज चुकल्याच्या कारणांत नंतर हेही एक धरलं गेलं. उत्तर न देणाऱ्यांसाठी हॅन्सन आणि हुर्विट्झ यांनी 1946 मध्ये सुचवलेला उपाय असा की आधी पोस्टाने विचारायचं आणि गप्प राहिलेल्यांतून थोडे रँडम निवडून त्यांना प्रत्यक्ष जाऊन भेटायचं. खर्चिक आहे, म्हणून फार कमी जण करतात. इंटरनेटवरच्या पॅनेलमध्ये माणसं स्वतःहून नाव नोंदवतात, तिथे मार्जिन ऑफ एरर, म्हणजे वर सांगितलेलं 3 टक्के इकडे-तिकडे असं माप, छापावं की नाही यावर तज्ज्ञांत अजून दोन तट आहेत.