पुडी सुपारीची की गुटख्याची? वास तर एकच

कोकणात सुपारी म्हणजे घरची. आगरात माडांच्या सोबतीला पोफळी, अंगणात वाळत घातलेला श्रीवर्धनी रोठा, तबकात अडकित्ता. त्यामुळे नववीतल्या मुलाच्या दप्तरात सुगंधी सुपारीची पुडी सापडली तरी आई म्हणते, "गुटखा नाही ना, मग झालं." माझाही बरीच वर्षं हाच समज होता.

गुटख्यात सुपारी, कात, चुना, सुगंध आणि तंबाखू असते. सुगंधी सुपारीत तंबाखू नाही, म्हणून निकोटीनही नाही. हा फरक खरा आणि मोठा आहे. चुन्यामुळे निकोटीन गालाच्या आतल्या अस्तरातून भरभर रक्तात उतरतं. त्यात मोहाला आवर घालणारा मेंदूचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते, म्हणून कोवळ्या वयात तलफ लवकर जडते आणि चिवट होते.

पण दोन्ही पुड्या फोडून हुंगा. वेलची, गुलाब, केवडा, पेपरमिंट. डोळे मिटून कोणती कुठली ते सांगणं कठीण.

नुसती तंबाखू पहिल्यांदा तोंडात धरली तर पोर थुंकून टाकतं. कडू लागते, झोंबते, गरगरतं. शरीर नको म्हणत असतं. गोडी हा कडूपणा झाकते आणि मेंथॉल थंडावा देऊन झोंबणं बोथट करतो, म्हणजे ते 'नको' ऐकूच येत नाही. सुपारीच्या पुडीने जिभेला त्या वासाची सवय आधीच झालेली असेल, तर गुटखा परका कसा वाटावा? पुढे निकोटीन आपलं काम करतं. त्याच्यासोबत आलेला वास मेंदू सुखाची खूण म्हणून जपून ठेवतो. मग एसटी स्टँडवरच्या टपरीपाशी नुसता घमघमाट आला तरी तलफ जागी होते.

महाराष्ट्राने २०१२ साली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. त्यावर तोड निघाली ती दोन पुड्यांची: मसाला वेगळा, तंबाखू वेगळी, मिसळायचं गिऱ्हाइकाने. वेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, २०१९ पासून देशभर बंदी आहे. त्यातही आंबा, स्ट्रॉबेरी असले स्वाद असतात. हापूसच्या मुलखात आंब्याच्या वासाची वाफ ओढायची, धन्य आहे! अमेरिकेने सिगारेटमधले फळा-मिठाईचे स्वाद २००९ मध्येच बंद केले, मेंथॉल तेवढा सोडला.

आता त्या आईच्या "मग झालं"कडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक ठरवलं आहे. शिवाय तिच्यातल्या अरेकोलीनची सवय लागते ती वेगळीच. मुलाला तोंड पूर्ण उघडायला सांगा. त्याची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी आत जायला हवीत. अडत असतील, तिखटाने तोंड भाजत असेल, तर दंतवैद्याकडे न्या. गाल आतून असे ताठ होतात ते मुख्यतः सुपारीने, आणि ती दोन्ही पुड्यांत आहे.