एकाच रुळावरच्या दोन टीटी

दोन वर्षांपूर्वी एका सेकंडहँड विक्रेत्याकडून मी मॉडेल रेल्वेचा एक डबा मागवला. वर्णनात ‘टीटी, १२ मिलिमीटर’ एवढंच होतं. टीटी हे मॉडेल रेल्वेचं एक माप. माझं इंजिन टीटी, रूळही १२ मिलिमीटरचे, मग आणखी काय बघायचं? डबा आला आणि रुळावर नीट बसलाही. इंजिनाच्या मागे लावला तेव्हा मात्र त्याचं छप्पर इंजिनाच्या डोक्यावरून बघायला लागलं. विकणाऱ्याने फसवलं म्हणावं तर तसंही नाही. डबा टीटीच होता, फक्त दुसऱ्या टीटीचा.

या घोळाचं मूळ एवढंच की आपण गेज आणि स्केल हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आणि स्केल म्हणजे खरी वस्तू किती पटीने लहान केली ते प्रमाण. टीटी हे ‘टेबल टॉप’चं लघुरूप. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एच. पी. प्रॉडक्ट्स या कंपनीने ही गाडी बाजारात आणली. एका फुटाला एक दशांश इंच, म्हणजे १:१२०. खरा स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटरचा. त्याला १२० ने भागलं की ११.९६ येतात. १२ मिलिमीटरचा रूळ म्हणजे अगदी बरोबर माप.

मग ब्रिटनमध्ये १९५७ साली ट्राय-अँग या कंपनीने आपली टीटी काढली. रूळ तोच १२ मिलिमीटरचा, पण गाड्यांचं प्रमाण एका फुटाला ३ मिलिमीटर, म्हणजे १:१०१.६. कारण व्यवहारी होतं. ब्रिटिश इंजिनं मुळातच युरोपातल्यांपेक्षा अंगाने लहान, आणि त्या काळच्या मोटारी गलेलठ्ठ. १:१२० च्या सांगाड्यात मोटार मावेना, म्हणून सांगाडा वाढवला आणि रूळ तसाच ठेवला. फुटाला ३ मिलिमीटर धरले तर १२ मिलिमीटर म्हणजे बरोबर ४ फूट. खरा रूळ ४ फूट साडेआठ इंचांचा. म्हणजे साडेआठ इंच गायब! समोरून पाहिलं की गाडी तुमानीपेक्षा कोट मोठा असल्यासारखी दिसते. ब्रिटिश छंदिष्टांना त्याचं फारसं वाटलं नाही, कारण त्यांच्या लाडक्या ओओ या मोठ्या मापातही हीच तडजोड आहे.

माझ्या मते दोघींचं पुढचं नशीब या आकड्यानेच ठरवलं. १:१०१.६ हे प्रमाण ब्रिटनबाहेर रुजलं नाही. ट्राय-अँगने जिंटी, कॅसल, ब्रिटानिया, मर्चंट नेव्ही अशी इंजिनं काढली खरी, पण साठच्या दशकातच मालाचा ओघ आटला आणि त्या जागी दुसरा कारखाना उभा राहिला नाही. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ३ मिलिमीटर सोसायटीने ही टीटी जिवंत ठेवली. आज या प्रमाणात नवी गाडी हवी असेल तर कोरीव पितळी पत्र्याचे किट, थ्रीडी प्रिंटेड सांगाडे आणि स्वतःची सोल्डरिंग गन. तयार माल हवा असेल तर जुनाच.

१:१२० चं उलट झालं. अमेरिकेत ती मागे पडली, पण पूर्व बर्लिनमध्ये पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी झॉइके उंड वेगवेर्ट या कंपनीने ती उचलली. लहान फ्लॅट, मोजकी जागा, त्यात ही गाडी चपखल बसली. भिंत पडल्यावर हा धंदा टिलिग या सॅक्सनीतल्या झेबनिट्झच्या कंपनीकडे १९९३ मध्ये गेला आणि चालूच राहिला. पुढे पिकोसारखे इतर कारखानेही आले. म्हणून २०२२ मध्ये पेको या ब्रिटिश कंपनीने १:१२० चे ब्रिटिश धाटणीचे रूळ आणि इमारती जाहीर केल्या आणि ऑक्टोबरमध्ये हॉर्नबी या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने ‘टीटी:१२०’ आणली, तेव्हा ते शून्यातून सुरुवात करत नव्हते. रूळ, चाकं, मालडबे, सगळं युरोपात आधीपासून होतं. नव्या स्केलचं घोडं नेहमी एकाच जागी अडतं: इंजिनं नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून इंजिनं नाहीत. इथे ती गाठ आधीच सुटलेली होती. हॉर्नबीने सुरुवातीला माल फक्त स्वतःच विकला, त्यावर दुकानदार रुसले. नंतर दुकानांची दारंही उघडली.

हॉर्नबीने नावाला ‘१२०’ जोडलं ते चांगलंच केलं. जुन्या मालावर मात्र नुसतं ‘टीटी’ असतं, आणि डब्याची लांबी मोजून उपयोग नाही. जुन्या ब्रिटिश टीटीतला आखूड डबा १:१२० मध्ये लांब डबा म्हणून खुशाल खपून जातो. त्यापेक्षा माणूस मोजावा. सहा फुटी माणूस जुन्या ब्रिटिश टीटीत १८ मिलिमीटरचा, १:१२० मध्ये जेमतेम १५. कागदावर १५ मिलिमीटरची रेघ काढायची आणि डब्याच्या दाराशी उभी करायची. त्या दारातून माणूस आरामात जाऊन डोक्यावर बरीच जागा उरली, तर समजा माझ्यासारखंच झालं. चाकंही बघावीत. जुन्यांच्या कडा जाड आणि खोल असतात, आजच्या बारीक रुळांवर त्या खडखड करतात. (आणि १२ मिलिमीटर म्हटलं की तिसरीही एक दावेदार आहे: १:८७ मधली स्विस मीटरगेज गाडी. तिचं नाव टीटी नाही, एवढंच आपलं नशीब.)

तो डबा मी परत केला नाही. एका रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे साडेपाच फूट. फुटाला ३ मिलिमीटर धरले की साडेसोळा येतात, आणि साडेसोळा मिलिमीटरचा रूळ हा एचओ आणि ओओ या दोन मोठ्या मापांचा, दुकानात सहज मिळणारा. एचओमध्ये १:८७ ने आपला ब्रॉडगेज करायचा तर रूळ १९ मिलिमीटरच्या वर हवा, १:१२० मध्ये १४ च्या आसपास. दोन्ही माझ्या नेहमीच्या दुकानात मिळत नाहीत. ब्रिटिश गाडीला साडेआठ इंच कमी पडलेलं हेच स्केल आपल्या मध्य रेल्वेला मापात बसतं. आता डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचा सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर १:१०१.६ ने छापून ओओच्या चाकांवर चढवायचा बेत आहे. आधी त्या जुन्या डब्याची बोगी, म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, खोलतोय, स्क्रू गंजलाय.